गुरुत्वमध्याचं मतदान होत नाही

शाळा-कॉलेजांतल्या 'ग्रुप प्रोजेक्ट'वर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. फाईलच्या पहिल्या पानावर पाच-सहा नावं असतात. त्यातला एक जण काम करतो, दुसऱ्याचे वडील झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंगचे पैसे देतात, बाकीचे सही करतात. फारच घाई असेल तर स्टेशनरीच्या दुकानात थर्माकोलचा तयार ज्वालामुखी मिळतो. गुण सगळ्यांना सारखेच. आपण काही खोटं केलं असं यात कुणालाही वाटत नाही, मुलांना नाही आणि आई-बापांनाही नाही. पुढे हीच मुलं ऑफिसात, पक्षात, जमातीच्या ट्रस्टवर, सहकारी सोसायटीत जातात, तिथंही सही तशीच करतात.

म्हणून मिरजेत आमच्या मोहल्ल्यातल्या आणि आसपासच्या गल्ल्यांतल्या मुलांसाठी काहीतरी करावं असा विषय निघाला, तेव्हा मी एकच अट घातली. वस्तू अशी हवी की ती जमली की नाही हे परीक्षकाने सांगायची गरज पडू नये, वस्तूनेच सांगावं. बरीच चर्चा होऊन रिमोटवर उडणारं विमान ठरलं, तेही एका खऱ्या विमानाची मापात केलेली प्रतिकृती. आम्ही नऊ जण होतो: सतार बनवणारे एक चाचा, मोटर वायंडिंगचं दुकान चालवणारे दादा, निवृत्त गणिताच्या बाई, आठवी ते बारावीतली पाच मुलं (त्यात दोन मुली) आणि मी. माझ्याकडे कुठलंच हुन्नर नसल्याने माझ्या वाट्याला हिशेब आणि चहा आला. काम अकरा महिने चाललं.

या अकरा महिन्यांच्या जोरावर माझं मत मी इथं मांडतो आहे. चार माणसं एकत्र आली म्हणजे समूह होत नाही. एकमेकांना खरं सांगता येणं आणि ते ऐकून घेता येणं हे जमलं तर समूह. ही गोष्ट भाषणाने शिकवता येत नाही, पण एखादं विमान ती शिकवू शकतं. आज आपल्या वस्त्यांना आणि शाळांना याची फार गरज आहे.

आधी मापाबद्दल. बाजारात फोमची तयार विमानं मिळतात. चार स्क्रू लावले की उडतात. ती वाईट नाहीत, पण त्यात आपलं काय? कल्पनेतलं विमान बनवलं तर वाद झाला की ज्याचा आवाज मोठा त्याची कल्पना जिंकते. खऱ्या विमानाची प्रतिकृती करायची म्हटली की वाद नकाशापाशी संपतो. शेपटीची उंची किती? बघ नकाशात. खिडकीची काच कुठून सुरू होते? बघ फोटोत. प्रतिकृतींच्या जागतिक स्पर्धांतही हेच चालतं. मॉडेल आधी मूळ विमानाच्या नकाशांशी आणि छायाचित्रांशी ताडून पाहतात, उड्डाणाचे गुण त्यानंतर. म्हणजे प्रामाणिकपणा आधी मोजपट्टीने तपासला जातो.

आम्ही एचटी-2 निवडलं. आजच्या पिढीला हे नाव ठाऊक नसतं. बेंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने स्वतंत्र भारतात आराखड्यापासून स्वतः घडवलेलं हे पहिलं प्रशिक्षण विमान. ऑगस्ट 1951 मध्ये ते पहिल्यांदा उडालं. एकामागे एक अशा दोन जागा, धडाच्या खालच्या बाजूला जोडलेले पंख, मागे छोटं शेपटीचं चाक. वायुदलाच्या कित्येक वैमानिकांनी पहिले धडे यावर गिरवले, आणि घानाच्या हवाई दलालाही ही विमानं गेली. त्याच्या आराखड्यामागचे मुख्य अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे हे आपल्या कोल्हापूरकडचे. त्यांनी जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती, आणि पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलंही. मिरजेपासून कोल्हापूर 50 किलोमीटरच्या आत. तरी आमच्या पाचही मुलांनी हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. त्यात मुलांचा दोष नाही. आपण चौकांना नावं कुणाची देतो ते बघा.

एचटी-2चा पंखविस्तार 10.72 मीटर आणि लांबी 7.53 मीटर. एकास सहा प्रमाण धरलं की आमचं विमान पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे 1.79 मीटर आणि लांबीला सव्वा मीटर झालं. खोलीच्या दारातून तिरकं करून बाहेर निघेल एवढं. इथपर्यंत सगळ्यांना समजलं. बाईंनी मग फळ्यावर पुढचा प्रश्न लिहिला: लांबी सहाव्या हिश्श्यावर आली, तर पंखाचं क्षेत्रफळ किती झालं? आणि वजन?

क्षेत्रफळ छत्तिसाव्या हिश्श्यावर येतं. मूळ सुमारे 16 चौरस मीटर, आमचं 0.44. वजन घनफळाबरोबर चालतं, म्हणून ते 216ने भागायचं. मूळ विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 1,016 किलो, त्याचे झाले 4.7 किलो. पुस्तकात वर्ग आणि घन शिकलेल्या मुलांना ते पहिल्यांदा हातात दिसले. मुंगी स्वतःपेक्षा कितीतरी जड दाणा उचलते आणि हत्तीला ते का जमत नाही, हेही त्याच दिवशी फळ्यावर आलं.

पण 4.7 किलोचं विमान आम्हाला नको होतं. छोट्या पंखाभोवतीची हवा मोठ्या पंखाभोवतीच्या हवेसारखी वागत नाही, ती पंखाची साथ लवकर सोडते. पंखाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचं महत्त्व 1904 मध्ये जगापुढे मांडणारे ते हेच घाटगेंचे गुरू प्रांटल. जड मॉडेल उडतं, पण त्याला उतरतानाही वेग ठेवावा लागतो, आणि शिकाऊ हातात वेग म्हणजे तुकडे. म्हणून आम्ही 3.2 किलोची मर्यादा ठरवली. बाईंनी एका शंभर पानी वहीवर 'वजनवही' असं लिहिलं आणि नववीतल्या एका मुलीच्या हाती दिली. नियम असा की दर रविवारी प्रत्येक भाग काट्यावर ठेवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. कुणी बनवला, किती सुंदर झाला, किती रात्री जागून केला, याला वहीत रकाना नव्हता.

मिरजेत लाकूड समजणाऱ्यांची कमी नाही. सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, त्यावर तबली बसते, आणि ती तबली किती पातळ ठेवायची हे कारागीर बोटाने टकटक करून ठरवतो. आमचे चाचा तसेच. बाल्सा हे लाकूड त्यांनी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. दक्षिण अमेरिकेतलं, एक्वाडोरमधून जगभर जाणारं हे लाकूड इतकं हलकं की चाचा पहिल्यांदा हातात घेऊन म्हणाले, "ये लाकूड है क्या पापड?" पण तासाभरात त्यांनी दहा पट्ट्या टकटक करून दोन ढीग लावले, कडक एकीकडे आणि नरम दुसरीकडे. काट्यावर ठेवल्यावर कळलं की कडक पट्ट्या नरमपेक्षा जवळपास दीडपट जड होत्या. मुलांना तो जादूचा प्रकार वाटला. चाचांना वाटलं की आपला कान म्हाताऱ्या वयात एका नव्या कामाला आला. पतंग बनवणाऱ्या घरातला एक मुलगा होता, त्याने बांबूच्या कामट्या तासून पंखांच्या टोकांचे गोल वळवले. पतंग एका बाजूला कलत असेल तर दुसऱ्या बाजूच्या कामटीला चिंधी बांधायची, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तोल म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नवव्या महिन्यात सगळे भाग पहिल्यांदा एकत्र ठेवून वजन केलं. काटा 3 किलो 650 ग्रॅमवर थांबला. ठरल्यापेक्षा 450 ग्रॅम जास्त. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघितलं. दादा म्हणाले गोंद जास्त झाला, मुलं म्हणाली मोटर जड आहे. पंधरा मिनिटं असंच चाललं. मग वहीवाली मुलगी उठली. मागची पानं उलटून तिने सांगितलं की गोंद आणि रंग मिळून 200 ग्रॅम वाढलेत, ते खरं आहे. पण शेपटीचा अंदाज 120 ग्रॅमचा होता आणि शेपटी 190 ग्रॅमची आहे. आणि शेपटीतले 70 ग्रॅम नुसते 70 नसतात.

का नसतात ते समजून घेण्यासारखं आहे. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून थोडा मागे, आमच्या बाबतीत 6 ते 7 सेंटिमीटरवर साधावा लागतो. त्यालाच गुरुत्वमध्य म्हणतात. तो मागे सरकला तर विमान नाक वर करून भरकटतं, रिमोटचं ऐकत नाही. शेपटी त्या बिंदूपासून लांब असते, नाक जवळ. तागडीचा एक दांडा लांब आणि दुसरा आखूड असावा तसं. आमच्या मापात शेपटीकडचा दांडा नाकाकडच्या अडीचपटीहून थोडा लांब होता. म्हणजे शेपटीतले जादा 70 ग्रॅम फेडायला नाकात सुमारे 180 ग्रॅम शिसं भरावं लागणार होतं. दोन्ही मिळून 250. गोंद-रंगाचे 200 त्यात मिळवा. हिशेब तंतोतंत 450.

शेपटी चाचांनी बनवली होती. ती सगळ्यांत सुंदर झाली होती. सतारीच्या मानेवर करतात तसं पॉलिश, कुठे सांधा दिसेल तर शपथ. चौदा वर्षांच्या मुलीने साठी ओलांडलेल्या उस्तादाला, त्याच्याच दुकानात बसून सांगायचं होतं की तुमचं काम परत करावं लागेल. आपल्याकडे, आणि 'आपल्याकडे' म्हणजे सगळ्याच जाती-जमातींत, अशा वेळी काय होतं ते आपण जाणतो. मुलगी गप्प बसते, नाकात शिसं भरलं जातं, आणि पुढे विमान पडलं की नशिबाला दोष दिला जातो. ती गप्प बसली नाही. "चाचा, शेपटी छान आहे, पण जड आहे," एवढंच म्हणाली आणि वही पुढे केली. चाचांनी वही नाकाजवळ धरून आकडे वाचले, दोनदा वाचले. मग म्हणाले, "वीणेला भोपळा जड पडला तर आम्ही बदलतोच की." पुढच्या रविवारी नवी शेपटी आली. 118 ग्रॅम.

ही गोष्ट चाचांच्या मोठेपणाची आहेच. पण त्या मोठेपणाला वाट वहीने करून दिली असं मला वाटतं. मुलगी 'मला वाटतं' म्हणून बोलली असती तर तो उद्धटपणा ठरला असता. आकडा मध्ये होता म्हणून चाचांचा मान राहिला आणि मुलीचाही. आपल्या संस्था जिथं कुजतात तिथं बहुधा ही वहीच नसते. मशिदीच्या ट्रस्टचा हिशेब असो, गणेश मंडळाचा असो की गावच्या शाळेच्या समितीचा, प्रश्न विचारणारा माणूस आपोआप विरोधक ठरतो. आकडे सगळ्यांसमोर आणि दर आठवड्याला मांडले जात असतील तर विचारायला धाडस लागत नाही. विमानाच्या बाबतीत हे टाळताच येत नाही, कारण गुरुत्वमध्य कुठे असावा यावर मतदान होत नाही. नऊ विरुद्ध शून्य मतांनी ठराव केला तरी जड शेपटीचं विमान जमिनीवरच येणार.

याला जोडून एक दुखरा विषय आहे. विमान म्हटलं की आपल्याकडे दोन कथा हमखास निघतात. आमच्या मोहल्ल्यात अब्बास इब्न फिरनास निघतात. नवव्या शतकातल्या अंदलुसियातले, कुर्तुब्याचे विद्वान. पंख लावून ते काही अंतर उडाले असं सांगतात. शेजारच्या गल्लीत शिवकर बापूजी तळपदे निघतात. त्यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं सांगतात. 2015 मध्ये त्यावर हिंदी चित्रपटही आला. दोन्ही कथा व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि दोन्हींच्या खाली अभिमानाचे अंगठे.

मुलांनी विचारलं तेव्हा बाईंनी दोन्ही गोष्टी एकाच तराजूत तोलल्या. इब्न फिरनास यांच्या उड्डाणाचा जो वृत्तांत प्रसिद्ध आहे तो अल-मक्करी या सतराव्या शतकातल्या इतिहासकाराचा, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी लिहिलेला. त्यातच पुढे असंही आहे की उतरताना त्यांच्या पाठीला मार बसला, कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्यांनी शेपूट लावली नव्हती. अभिमानाच्या मेसेजमध्ये हे शेवटचं वाक्य कधीच नसतं. मला विचाराल तर त्या वृत्तांतातलं सगळ्यांत मोलाचं वाक्य तेच आहे. तळपदेंच्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा कुणी पुढे आणलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला अशा कथांसोबत दिला जातो, त्याची तपासणी भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये केली. त्यातली विमानं उडू शकणार नाहीत आणि तो ग्रंथ 1904च्या आधीचा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

यात फिरनास यांच्या धाडसाचा किंवा तळपदेंच्या ध्यासाचा अपमान नाही. त्यांच्या काळी, त्यांच्या साधनांनिशी आकाशाकडे बघणारी माणसं ती. अपमान आपण करतो, त्यांचं नाव घेऊन स्वतः काहीच न करता. एका फिरनासने किंवा एका तळपदेने आपल्या जमातीची लायकी सिद्ध होत नाही. ज्या मुलाने स्वतः शेपटीचं वजन केलं आहे त्याला असा मेसेज आला की तो पहिला प्रश्न विचारतो: याचं वजन किती होतं? पंख केवढे होते? गुरुत्वमध्य कुठे होता? आमच्यातल्या एकाने घरच्या ग्रुपवर खरंच असं विचारलं. त्याच्या मामूंनी उत्तरादाखल फुलांचा फोटो पाठवला. असो. प्रश्न तर पोचला.

आता थोडं अवघड बोलतो. काम सुरू झालं त्याच आठवड्यात एका मुलाची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "भाईजान, विमान बनवा, पण बॅटरी, वायरी आणि रिमोट आमच्या घरात नको. कुणी बघितलं तर काय समजतील?" तिची भीती मी हसण्यावारी नेली नाही. जे वाचक आमच्या मोहल्ल्यांत राहत नाहीत त्यांना ही भीती कदाचित अतिरेकी वाटेल. पण नुकती मिसरूड फुटलेला मुलगा पाठीवरच्या सॅकमध्ये वायरी घेऊन बसमध्ये चढतो तेव्हा त्याची आई दिवसभर काय विचार करते, ते आम्हाला ठाऊक आहे. या भीतीपायी किती मुलांनी सोल्डरिंगची इस्त्री हातात घेतलीच नाही याची नोंद कुठेच होत नाही. ते नुकसान मोहल्ल्याचं आहे तसंच देशाचंही.

आम्ही त्यावर उपाय केला तो उघडेपणाचा. काम चाचांच्या रस्त्यालगतच्या दुकानात चालायचं, शटर पूर्ण वर. येणारा-जाणारा थांबून विचारायचा आणि मुलं सांगायची. सरकारचे 2021चे ड्रोन नियम आम्ही बसून वाचले. त्यात अशा मॉडेलची वेगळी व्याख्याच आहे: वजन 25 किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल भागांत वाटलेला असतो. आपली जागा कोणत्या रंगात येते ते बघितल्याशिवाय काही उडवायचं नाही, आणि हिरव्यातही मर्यादा 400 फुटांची. आम्ही तर शंभर-दीडशेच्या वर गेलोच नाही. शिवाय पोलीस ठाण्यात नकाशा, नऊ जणांची नावं आणि फोन नंबर जोडून अर्ज दिला. तिथल्या साहेबांनी "पडलं तर कुणाच्या डोक्यावर नको" एवढं सांगून पोच दिली. ती पोच त्या आईने लॅमिनेट करून घेतली.

पण खरं बळ पोचपावतीचं नव्हतं. नऊ माणसं चार वेगवेगळ्या गल्ल्यांतली होती. रिमोट कधी एका घरी, बॅटरी कधी दुसऱ्या, पंख तिसऱ्या. बॅटरी चार्ज करताना कुणीतरी मोठं माणूस शेजारी हवंच हा दादांचा नियम होता, कारण लिथियम पॉलिमरची बॅटरी फुगली किंवा भोसकली गेली तर पेट घेते. त्यामुळे मुलं एकमेकांच्या घरी बसू लागली. एकमेकांच्या दारावरून वर्षानुवर्षं नुसती जाणारी मुलं आता एकमेकांच्या स्वयंपाकघरात पाणी पितात. सलोख्याचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिलेत. स्टेजवर सगळ्या धर्मांचे प्रतिनिधी, हार, फोटो. त्यांना नावं ठेवत नाही, वाईट दिवसांत त्यांचाही उपयोग होतो. पण स्टेजवर एकमेकांची स्तुती करावी लागते. कामाच्या टेबलावर एकमेकांची चूक दाखवता येते, आणि ज्याची चूक दाखवता येते तोच मला आपला वाटतो.

लोक तीन आक्षेप घेतात. पहिला खर्चाचा. आमचा सगळा खर्च 22,000 रुपये झाला: रिमोट आणि रिसीव्हर 5,500, मोटर आणि तिचा कंट्रोलर 5,000, बॅटरी-चार्जर 5,000, सर्व्हो 2,000, लाकूड-गोंद-कव्हरिंग 4,500. नऊ जण आणि अकरा महिने धरले तर माणशी महिना 225 रुपयांच्या आत. ज्याला जमलं त्याने जास्त दिले, दोन मुलांनी काहीच दिलं नाही. कुणी किती दिले ते फक्त मला ठाऊक, आणि ते माझ्याबरोबरच जाईल. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आपल्या एकेका चौकात काय उधळलं जातं ते आठवा, मग बोलू.

दुसरा आक्षेप: याचा उपयोग काय? परीक्षेत यावर प्रश्न येत नाही. खरं आहे, येत नाही. पण आमच्या वहीवाल्या मुलीला आता टॉर्क पाठ करावा लागत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. समूहाने बनवलं तरी उडवणार एकच ना? टाळ्या त्यालाच. याचा निकाल आम्ही पहिल्याच दिवशी लावला होता. पहिलं उड्डाण बाहेरचा जाणकार करेल, आणि त्यानंतर रिमोट त्याच्या हाती जाईल ज्याने संगणकावरच्या सिम्युलेटरवर सगळ्यांत जास्त तास सराव केला आहे. ज्याने जास्त पैसे दिले त्याच्या नाही, आणि ज्याचे वडील मोठे त्याच्या तर नाहीच. तासांचीही वही होती. पुण्याहून आलेल्या एका अनुभवी मॉडेलकाराने मिरजेबाहेरच्या माळावर ते चार मिनिटं उडवलं आणि खाली आणून म्हणाला, "तोल बरोबर आहे." त्या एका वाक्यात नऊ जणांना आपापला वाटा ऐकू आला.

सहाव्या उड्डाणात, उतरताना आडवा वारा आला. चाकं उखडली, डावा पंख मुळापाशी फाटला. रिमोट एका अकरावीतल्या मुलाच्या हातात होता. कुणी त्याला बोल लावला नाही. वहीत वाऱ्याची दिशा लिहिली गेली, तुटलेल्या भागांची यादी लिहिली गेली, आणि दुरुस्तीला पाच आठवडे लागले. तुटल्यावर कोण कसं वागतं यावरून समूह ओळखावा.

माझं सांगणं एवढंच आहे. प्रत्येक शाळेने, आणि शाळेला जमत नसेल तर प्रत्येक मोहल्ल्याने, वर्षातून एक तरी अशी वस्तू मिळून बनवावी जिची परीक्षा वस्तूच घेते. विमानच हवं असं नाही. होडी चालेल, पवनचक्की चालेल, मात्र पवनचक्की फिरली पाहिजे आणि होडी तरली पाहिजे. विमानच करायचं असेल तर एकदम एचटी-2 वर जाऊ नका. शंभर रुपयांच्या फोमबोर्डचं हातफेकीचं ग्लायडर करा, नाकाला नाण्यं चिकटवत चिकटवत तोल शोधा. तिथंही वर्ग आहे, घन आहे, गुरुत्वमध्य आहे. गटात एक म्हातारा कारागीर जरूर घ्या. आपल्या गावांत तो अजून आहे, पण फार दिवस असणार नाही. मुली घ्या, आणि वही त्यांच्याच हाती द्या असं नाही, करवतही द्या. चार गल्ल्यांतली मुलं घ्या. आणि पहिल्या दिवशी पंख करायला बसू नका. आधी एक साधा वजनकाटा आणि शंभर पानांची वही आणा.